दोन रुपयांची कपात

डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मी 'मंथन' पहिल्यांदा पाहिला. २३ तारखेला श्याम बेनेगल गेले होते, जो तो मोबाइलवर त्यांचा आपला आवडता सिनेमा सांगत होता, आणि कुणीतरी लिहिलं होतं की हा सिनेमा दूध डेअरीवर आहे. आमचं घर दुधाचं. वरवंडला तीन संकरित गाई आहेत, दिवसाला वीसेक लिटर दूध डेअरीला जातं. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची मेसची बिलं दुधाच्या पगारातून भरली गेली. (दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पैशाला आमच्याकडे पगारच म्हणतात. कंपनीचा पगार महिन्यातून एकदा होतो याचं अण्णांना अजून नवल वाटतं.) म्हणून सिनेमा लावला.

सुरुवातीलाच पडद्यावर येतं की हा सिनेमा गुजरातचे पाच लाख शेतकरी सादर करत आहेत. मी तिथंच थांबवला आणि शोधायला लागलो. गोष्ट खरी आहे. १९७६ साली गुजरातच्या सहकारी दूध संस्थांच्या पाच लाख सभासदांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत हा सिनेमा उभा राहिला. कल्पना वर्गीस कुरियन यांची. एका वेळच्या दुधाच्या पैशातून दोन रुपये कमी घ्यायचे आणि निर्माते व्हायचं. पुढे हे निर्माते गाड्या भरभरून आपला सिनेमा बघायला गेले.

रात्री फोनवर अण्णांना ही गोष्ट सांगितली. मला वाटलं, त्यांना भारी वाटेल. ते म्हणाले, "म्हणजे कपात केली. इचारलं व्हतं का त्यांना?"

या प्रश्नामुळे हा लेख लिहितो आहे. अण्णांचा प्रश्न बेनेगलांना होता, पण तो लागला मला. का, ते पुढे सांगतो.

आधी बेनेगलांचं बघू. आपल्या पिढीला 'समांतर सिनेमा' हा शब्द ऐकला की दाढीवाला, उपाशी, तत्त्वासाठी भांडणारा दिग्दर्शक दिसतो. बेनेगल तसे नव्हतेच. सिकंदराबादचा फोटोग्राफरचा मुलगा, हैदराबादला अर्थशास्त्र शिकलेला, १९५९ मध्ये मुंबईत येऊन लिंटास या जाहिरात कंपनीत कॉपीरायटर म्हणून लागतो. म्हणजे साबणाच्या ओळी लिहितो. नंतर एएसपी या दुसऱ्या एजन्सीत जातो. त्याच एजन्सीतून १९६६ मध्ये अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी बाहेर पडली. पहिला मोठा सिनेमा 'अंकुर' आला १९७४ मध्ये, तेव्हा बेनेगल एकोणचाळीस वर्षांचे होते. तोवर त्यांचे नऊशेहून जास्त जाहिरातपट आणि माहितीपट झाले होते.

नऊशे. मी हा आकडा दोनदा वाचला. 'अंकुर'ची गोष्ट त्यांच्याकडे कॉलेजच्या दिवसांपासून होती आणि तिला पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी पैसे दिले ते ब्लेझनं. ब्लेझ म्हणजे थिएटरांत मध्यंतराला जाहिराती पोचवणारी कंपनी. म्हणजे जमीनदारी आणि जात यांवरचा, शेवटी एका पोरानं मालकाच्या खिडकीवर दगड मारणारा सिनेमा जाहिरातीच्या पैशांतून झाला. आपण ज्याला विकणं म्हणतो आणि ज्याला सांगणं म्हणतो ते दोन वेगळे खिसे असतात असं मला वाटायचं. इथं ते एकाच सदऱ्याला होते.

तेवढ्यावरून 'बघा, पोटासाठी केलेलं कामही थोर असतं' असं म्हणून मोकळं होता येतं. आमच्या ऑफिसात हे रोज ऐकू येतं. दिवसा क्लायंटचं, रात्री आपलं. शनिवारी गिटार, रविवारी ट्रेक, सोमवारी सकाळी दहाला स्टँडअप. मला हे पटत नाही, कारण यात दिवसाच्या आठ तासांचा हिशेब कुणीच विचारत नाही. बेनेगल दिवसा एक आणि रात्री दुसरे होते असं त्यांच्या कामावरून तरी दिसत नाही. कॅमेरा, वेळेचं भान, थोडक्यात सांगण्याची सवय, सगळं ते जाहिरातीतून सिनेमात घेऊन गेले. मग प्रश्न उरतो तो हा, की एकाच हातानं दोन्ही कामं करताना नेमकी कोणती गोष्ट जपावी लागते?

आता माझी गोष्ट.

२०२२ मध्ये मी ज्या कंपनीत होतो (आजही आहे) तिला एका दूध खरेदी करणाऱ्या कंपनीचं काम मिळालं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर वजनकाटा, दूध तपासायचं मशीन आणि पावतीचा प्रिंटर यांना जोडणारं सॉफ्टवेअर. दर काढण्याचा भाग माझ्याकडे आला. गावाकडचा म्हणून मुद्दाम दिला असावा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गाईच्या दुधाचा भाव साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला धरून जाहीर होतो. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात जे काही घट्ट असतं ते. फॅट एक पॉइंट, म्हणजे ०.१ नं वरखाली झाली की लिटरचा दर बदलतो. आमच्या तक्त्यात एका पॉइंटला तीस पैसे होते.

मशीन मात्र दोन दशांशांपर्यंत दाखवतं. ३.७९. तक्ता एकाच दशांशाचा. मग ३.७९ चं करायचं काय? शाळेत शिकवलं तसं ३.८ करायचं, की शेवटचा आकडा उडवून ३.७? क्लायंटकडून आलेल्या कागदात लिहिलं होतं की शेवटचा आकडा उडवायचा. मी कॉलवर विचारलं. उत्तर अगदी समजूतदार होतं. मशीनचाच दुसऱ्या दशांशावर भरवसा नाही, एका पॉइंटचा फरक ते स्वतःच दाखवू शकतं, मग तो आकडा धरायचाच कशाला?

ते खोटं नव्हतं. ही मशीनं खरंच तेवढी नेमकी नसतात. पण मशीनची चूक दोन्ही बाजूंना होते, कधी जास्त दाखवतं, कधी कमी. आकडा उडवण्याची चूक कायम एकाच बाजूला होते. ३.७१ ला शेतकऱ्याचा एक शतांश जातो, ३.७९ ला नऊ. सरासरी काढली तर साधारण अर्धा पॉइंट, म्हणजे लिटरमागे पंधरा पैसे. वीस लिटर घालणाऱ्याचे दिवसाला तीन रुपये. त्यानं चहा पण येत नाही. दिवसाला पन्नास हजार लिटर घेणाऱ्याकडे मात्र रोज साडेसात हजार आणि वर्षाला सत्तावीस लाखांवर जमतात, तेही कुणाला एक शब्द खोटा न सांगता.

मला हे त्या दिवशीच कळलं होतं. डोक्यात गणित झालं, आणि मी फंक्शन लिहिलं. एकच ओळ आहे ती. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी काही बोललं नाही, कारण ओळ बरोबर होती. जे मागितलं तेच करत होती.

'मंथन' बघताना मला जे झालं ते आता समजेल. त्यातला डॉ. राव, म्हणजे गिरीश कार्नाड, गावात येऊन पहिली गोष्ट करतो ती दुधाचे नमुने घेण्याची. गावात मिश्रा नावाच्या खाजगी डेअरीवाल्याची चलती आहे, तो देईल तो भाव. अमरीश पुरींनी त्याला राक्षस केलेला नाही, तो गोड बोलतो, अडीअडचणीला उभा राहतो. रावच्या हातात भाषण नाही, फॅट मोजायची काचेची नळी आहे. तुझं दूध इतक्याचं आहे, आणि तुला मिळतात इतके. सिनेमातली क्रांती एवढीच आहे, मोजमाप. पन्नास वर्षांपूर्वी त्या नळीनं जे शेतकऱ्याच्या हातात दिलं, त्यातला एक शतांश मी एका ओळीत परत काढून घेतला होता.

पण माझं सोडा. 'मंथन' ही स्वतः जाहिरात आहे की नाही? प्रश्न उगाच काढलेला नाही. ज्या सहकारी व्यवस्थेचं कौतुक त्यात आहे तिच्याच सभासदांचे पैसे, कथा तिच्याच प्रमुखांनी बेनेगलांसोबत रचलेली. ऑपरेशन फ्लडवर माहितीपट करता करताच बेनेगलांना हा सिनेमा सुचला होता. पुढे त्याच्या प्रती घेऊन लोक गावोगाव गेले आणि सहकारी संस्था काढायला लोकांना तयार केलं. त्यातलं प्रीती सागर यांनी गायलेलं गाणं तर नंतर थेट अमूलच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत वापरलं गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा पक्का ब्रँडेड कंटेंट आहे.

आणि तरीही बघताना तसं वाटत नाही. मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा वही घेऊन बसलो. सहकारी संस्था निघते, पण सरपंचाला ती आपल्या खिशात हवी असते. निवडणूक होते तर गाव जातीवर फुटतं. रावच्याच पथकातला शहरी तरुण गावातल्या एका मुलीच्या आयुष्याशी खेळतो आणि त्याला हाकलावं लागतं. राव स्वतः भला माणूस आहे, पण गावाचं त्याला पुरतं कळत नाही, आणि बिंदूच्या, म्हणजे स्मिता पाटीलच्या, बाबतीत तो कच खातो. तिचा अंगठा एका कागदावर घेतला जातो आणि तो कागद रावच्याच विरोधात जातो. त्याची बदली होते. उरतो नसीरुद्दीन शाहांचा भोळा, कुणावर विश्वास न ठेवणारा, आणि थोडी माणसं. पैसे देणाऱ्याला हे सगळं गाळायला सांगता आलं असतं. गोड शेवट करा, पोरीचं प्रकरण काढा, जातीचं कशाला? पटकथा विजय तेंडुलकरांची होती हेही यामागं असणार. तेंडुलकरांकडून गुळगुळीत काही काढणं अवघडच होतं.

माझ्या ओळीवरून मला जे सुचतं ते असं. जाहिरात सहसा खोटं बोलत नाही. ती आकडा उडवते, आणि दर वेळी एकाच बाजूला. साबणानं कातडी मऊ होते हे थोडं खरं असतं. जे थोडं खरं नाही ते पडद्यावर येत नाही, इतकंच. 'मंथन' दोन्ही बाजूंना मोजतो. जिथं सहकार कमी पडतो तिथं कमी लिहितो. पैसे कुणाचे, यापेक्षा हे मला महत्त्वाचं वाटतं.

अर्थात हे म्हणायला सोपं आहे. पैसे कुणाचे याचा हातावर काहीच परिणाम होत नाही असं बेनेगलांची पुढची वर्षं सांगत नाहीत. त्यांची पूर्ण कारकीर्दच कुणाच्या ना कुणाच्या पैशावर उभी आहे आणि त्याची त्यांना लाज नव्हती. 'आरोहण'ला पश्चिम बंगाल सरकार, 'सुस्मन'ला हातमाग सहकारी संस्था, 'यात्रा' या मालिकेला रेल्वे, 'हरी-भरी'ला कुटुंब कल्याण खातं. टीव्हीवर ते फार लवकर गेले. १९७५ मध्ये उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांना टीव्ही दाखवायचा 'साइट' प्रयोग झाला, त्यासाठी त्यांनी मुलांचे कार्यक्रम केले. स्मिता पाटील त्यांना दिसली तीही टीव्हीवर, मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्या वाचताना. मग १९८८ मध्ये 'भारत एक खोज', त्रेपन्न भाग, सरकारी दूरदर्शनवर, नेहरूंच्या पुस्तकावरून. ऐंशीव्या वर्षाकडे झुकताना, २०१४ मध्ये, राज्यसभा टीव्हीसाठी 'संविधान', दहा भाग.

'संविधान' मी एका आठवड्यात संपवली. आपल्या वयाच्या कुणाला विचारलं तर संविधान म्हणजे एक जाड पुस्तक आणि एक फोटो. इथं माणसं भांडतात, कंटाळतात, हरतात. सरकारी वाहिनीच्या पैशावर हे झालं, आणि त्यातही दोन्ही बाजू दिसतात. पण २०२३ चा 'मुजीब' बघा. भारत आणि बांगलादेश सरकारांनी मिळून काढलेला, शेख मुजीबुर रहमान यांच्या आयुष्यावरचा, त्यांची मुलगी पंतप्रधान असताना. मला तो पोस्टरसारखा वाटला. मुजीब चुकतात असा प्रसंग शोधावा लागतो. १९७५ मध्ये त्यांनी एकपक्षीय राजवट आणली, ते प्रकरण सिनेमा ज्या वेगानं ओलांडतो तो वेग मला ओळखीचा वाटला. दुसरा दशांश असाच जातो. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ मध्ये, ढाक्यात हसीनांचं सरकार गेलं आणि लोकांनी मुजीब यांचे पुतळे पाडले.

यात बेनेगलांना कमी लेखायचं नाही. उलट मला याचाच आधार वाटतो. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या पैशावर काम करणारा माणूस प्रत्येक वेळी सरळ मोजतोच असं नाही, आणि एकदा सरळ मोजलं म्हणून पुढचं माफ होत नाही. दर कामाला नव्यानं ठरवावं लागतं. 'मंथन'च्या वेळी आणीबाणी चालू होती, हेही लक्षात ठेवायला हवं. ज्या काळात भली भली माणसं वरच्या बाजूला राउंड करत होती, त्या काळात गावातलं राजकारण त्यांनी आहे तसं दाखवलं.

आणि अण्णांचा प्रश्न? विचारलं होतं का त्यांना? पाच लाखांतल्या किती जणांना दोन रुपये कशाला गेले ते त्या दिवशी कळलं असेल, कोण जाणे. काहींना नंतर सिनेमा बघूनच कळलं असेल. पण एक फरक मला दिसतो. ती कपात पडद्यावर लिहिलेली आहे, सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरांत. पैसे कुणाचे गेले हे सिनेमा संपेपर्यंत कुणी विसरू शकत नाही. माझ्या ओळीतली कपात कुठंच लिहिलेली नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात घरी गेलो होतो. उन्हाळ्यात व्हिक्टोरिया तलावाच्या कडेला चिखल सुकून भेगा पडतात, त्या दिवसांत दूधही कमी होतं. गावात संकलन केंद्रं बरीच आहेत, अण्णांनी मधे एकदा केंद्र बदललं होतं. ते म्हणाले, इथं सगळं कॉम्प्युटरवर आहे, पावती मिळते. संध्याकाळी किटली घेऊन मीच गेलो. मशीननं घरघर करून ३.७९ दाखवलं. प्रिंटरमधून चिठ्ठी आली, फॅट ३.७. खाली 'एकुण' असं ऱ्हस्व लिहिलेलं होतं.

तो 'एकुण' माझा आहे. २०२२ मध्ये घाईत टाइप केला होता, कुणी दुरुस्त करायला सांगितलं नाही आणि मीही केला नाही. सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणालातरी विकलं गेलं होतं, आणि फिरत फिरत आमच्या किटलीपाशी आलं होतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. अण्णा गोठ्यात होते, वैरण टाकत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आरं, आधी तर नुसतं बघून सांगायचे, तुमचं पातळ हाय म्हणून. आता निदान चिठ्ठी तरी हातात येतीय." ते मला सोडवत होते की खरंच तसं वाटत होतं, मला कळलं नाही. जरा वेळानं विचारलं, "रोजचे तीन?" मी म्हणालो, सरासरी. ते म्हणाले, "मग महिन्याचे नव्वद झाले. कॅल्शियमची बाटली येती की त्यात."

पुण्याला परत आल्यावर मी मॅनेजरला लिहून दिलं की दर कसाही काढा, तो क्लायंटचा प्रश्न, पण पावतीवर मशीननं दाखवलेला पूर्ण आकडा छापा आणि त्याच्या शेजारी दरासाठी धरलेला आकडा छापा. काम अर्ध्या दिवसाचं आहे. कुणी नाही म्हणालं नाही. ते यादीत आहे, आणि दर पंधरा दिवसांनी पुढच्या पंधरवड्यात ढकललं जातं. मी दर वेळी विचारतो. 'एकुण'चं मात्र लगेच 'एकूण' झालं, त्याला कुणाची परवानगी लागली नाही. नोकरी मी सोडलेली नाही, घराचे हप्ते आहेत.

दिवाळीला गेलो तेव्हा खुंटीला अडकवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा बघत होतो. प्रत्येक चिठ्ठीवर, छापलेल्या फॅटच्या पुढं, निळ्या पेनानं एक जास्तीचा आकडा लिहिलेला होता. ३.७ च्या पुढं ९. ३.६ च्या पुढं ४. अण्णा आता किटली ओतून झाल्यावर मशीनसमोर थांबतात, आकडा वाचतात आणि मगच बाजूला होतात. मागच्या रांगेतले ओरडतात, आई सांगत होती.